सोमवारची बोटं

आई, रविवारी मी काय करते हे मध्यंतरी मला ऑफिसात विचारलं, आणि मला तुझा इतका राग आला की विचारणारा बाजूलाच राहिला. तू जाऊन किती वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लोक आईबद्दल हळवे होतात म्हणे. माझ्या मैत्रिणी आईची साडी कपाटातून काढून वास घेतात आणि मला सांगताना डोळे पुसतात, मी ऐकून घेते. माझं तसलं काही होत नाही. तुझी आठवण आली की आधी राग येतो, आणि तो ओसरून दुसरं काही यायच्या आत मी कामाला लागलेली असते. कामाला लागायचं तूच शिकवलंस, तेव्हा त्याची तक्रार तरी कुणाकडे करू.

आधी तुझे सोमवार तुला आठवून देते. शहराबाहेर येलहंक्याच्या पुढे तो मीटर बनवायचा कारखाना होता आणि त्यात कॉइलचा विभाग तुझ्या ताब्यात होता. सगळ्या बायका. केसाहून बारीक तांब्याची तार, उजव्या हाताने मशिनचं हँडल फिरवायचं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडत न्यायची. बोट खरखरीत असलं की तारेवरचं वार्निश खरवडतं, आणि तो मीटर पुढे कधीतरी कुणाच्या तरी भिंतीवर बंद पडतो. हे सगळं खरं आहे. मी आता टेस्टिंगमध्येच आहे, मला कळतं. त्यामुळे सोमवारी सकाळी मशिनं सुरू व्हायच्या आधी तू बायकांची बोटं तपासायचीस, यात मी चूक काढत नाही. एकेक बाई टेबलापाशी येऊन हात उताणे ठेवायची, तू कपाळावरचा चष्मा खाली घ्यायचीस आणि आपल्या अंगठ्याने तिच्या बोटांची टोकं चाचपायचीस. मे महिन्याच्या सुट्टीत मला घरी कुणाकडे ठेवायचं म्हणून तू बरोबर न्यायचीस, तेव्हा मी हे पाहिलेलं आहे.

पण तुला बोटांपाशी थांबता आलं नाही. बोटं चाचपताना तू विचारायचीस, काल काय केलीस. कन्नडमध्ये विचारायचीस, पण घरी मला तेच निपाणीच्या मराठीत विचारायचीस म्हणून मला ते मराठीतच ऐकू येतं. आणि बाई जे सांगेल त्यावरून ती कामाला कशी आहे हे तू ठरवून मोकळी व्हायचीस. सिनेमाला गेली? म्हणजे आठवडाभर हिच्या डोक्यात गाणी, ही फेरे मोजताना चुकणार. क्रोशाने विणलं? म्हणजे डोळे आधीच दमलेले. शेजारणीशी गप्पा मारल्या? ही लाइनवरही तोंड मिटायची नाही. देवळात भजनाला गेलेल्या बाईचं काय करावं हे तुला नीट सुचायचं नाही, पण रोज जाणाऱ्यांबद्दल तुझं मत वाईटच होतं. रात्री जेवताना तू एकेक बाई घेऊन बाबांना हे सांगायचीस आणि बाबा मान डोलवायचे. तुझ्या लेखी उत्तम कामगार एकच. जी म्हणायची, काही नाही मेडम, धुणं धुतलं, झोपले. तिला तू खिडकीपाशी बसवायचीस, चांगल्या उजेडात, नव्या मशिनवर.

बायका काय खुळ्या होत्या? कारखान्याच्या बसमध्ये तू पुढच्या सीटवर ताठ बसायचीस आणि मी मागे त्यांच्यात. मागच्या सीटवर आख्खा सिनेमा सांगून व्हायचा, नटीच्या साड्यांसकट. कुणी रुमालाची वीण दाखवायची, कुणी रविवारी नवऱ्याशी पत्ते खेळून त्याला कसं हरवलं ते सांगायची, आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. बस थांबली की तोंडं सरळ. मग टेबलापाशी येऊन एकेक जण तुला सांगायची, झोपले मेडम. काही जणी रविवारी संध्याकाळी बोटं खोबरेल तेलात बुडवून बसायच्या, सुईच्या खुणा जाव्यात म्हणून. सबंध विभाग दर सोमवारी सकाळी तुझ्या तोंडावर खोटं बोलायचा आणि तू त्यांना कष्टाळू समजायचीस. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. फसवायलाच हवं होतं तुला.

एक जण तेवढी खोटं बोलायची नाही. अक्का.

अक्का आपल्याच वठारात राहायची, अंगणाच्या पलीकडच्या बिऱ्हाडात, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. तुझ्याच विभागात तुझ्या हाताखाली काम करायची आणि रविवारी दुपारी चटई घालून वीणा वाजवायची. तू त्या वेळी डाळी-तांदूळ निवडत असायचीस, नाहीतर पितळेचे डबे घासत असायचीस, आणि तुला वाटायचं मी अंगणात खेळते आहे. मी अक्काकडे असायचे. पहिले कितीतरी रविवार मी नुसतं ऐकलं. मग एकदा तिने वीणा माझ्या मांडीवर ठेवली. केवढी जड. भोपळा गुडघ्यावर टेकवायचा, तार दाबायची, बोट असं दुखतं की डोळ्यांत पाणी. अक्का म्हणायची, स्वल्प, स्वल्प, घाई कशाची. थोडंथोडं करत मी पुढे गेले. एकदा तिचे वडील आतून म्हणाले, आज तू किती छान वाजवलंस ग, आणि वाजवत होते मी. अक्का आणि मी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो. तो दिवस माझ्या सबंध लहानपणातला सगळ्यात चांगला दिवस आहे, आई, आणि तू त्यात कुठे नाहीस.

अक्काच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर तारेच्या खाचा पडलेल्या होत्या. त्याच दोन बोटांतून तिला तुझी तांब्याची तार सोडायची असे. दर सोमवारी तू चाचपायचीस, काल काय केलीस म्हणायचीस, आणि ती सांगायची, वीणा वाजवली. दर सोमवारी. तू म्हणायचीस की तिची तार इतरांपेक्षा जास्त तुटते. तुटत असेल. मी तुझी बाजू घेत नाही, पण तुटत असेल. मात्र घरी जेवताना तू तारेबद्दल बोलायची नाहीस. तू म्हणायचीस, तिचं मन कामावर नाही, तिला सोमवार आवडत नाही, ती लाइनवर बसून रविवारची वाट बघते. बघत असेल की! कुणी बघत नाही? तुझ्या खिडकीपाशी बसलेल्या बायका काय शनिवारी रडत घरी जायच्या?

एका मे महिन्यात हे टोकाला गेलं, तेव्हा मी तिथे होते. मशिनं सुरू झालेली नव्हती, सगळ्या बायका आपापल्या जागी बसलेल्या, आणि अक्काचे हात टेबलावर. तू चष्मा परत कपाळावर चढवलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "वीणा नाहीतर कॉइल. आज एक ठरव."

तुला वाटलं असणार की ती रडेल, हाताला धरेल, एकवार सांभाळून घ्या म्हणेल. अक्काने हात पालथे केले. स्वतःच्या नखांकडे बघितलं. मग म्हणाली, "सरी मेडम. पॅकिंगला घाला मला."

बस्स. सरी, म्हणजे बरं, म्हणताना आवाज चढला नाही की उतरला नाही. पॅकिंग म्हणजे मागची शेड, दिवसभर उभं राहून खोक्यांत भुसा भरायचा आणि वर फळ्या ठोकायच्या. तिथे बोटं कुणी तपासायचं नाही. अक्का तिथे गेली आणि कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली, खिळे ठोकत. तिच्यासारखी हलक्या हाताची बाई तुझ्याकडे दुसरी नव्हती, हे तूच नंतर कधीतरी बाबांना म्हणालीस. म्हणजे तुला माहीत होतं. माहीत असून तू तिला घालवलंस, आणि ती रडली नाही याचा राग संध्याकाळी घरी घेऊन आलीस.

संध्याकाळी तू भाकऱ्या करत होतीस. मी पाणी प्यायला आत आले. तू थापता थापता वर बघितलंस आणि म्हणालीस, "बोटं दाव."

मी हात मागे लपवले. तिथेच तुला कळलं. तू पिठाच्या हाताने माझं मनगट ओढलंस आणि अंगठा फिरवलास, अगदी कारखान्यात फिरवायचीस तसाच. माझ्या बोटावरची खाच काय ती, नख लावलं तर लागेल एवढी. तू मला मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "हाताला दुसरी सवय लागली की तो हात आपला राहत नाही. उद्यापासून तिकडं जायचं नाही." मी गेले नाही. पुढच्या रविवारी तू माझ्यासमोर गणिताचं पुस्तक ठेवलंस आणि अंगणापलीकडून वीणा सुरू झाली. तू उठलीस आणि खिडकी लावून घेतलीस. उकाड्याने जीव जात होता, बाबांचं बनियन घामाने भिजलेलं, पण खिडकी उघडायची कुणाची छाती नव्हती. त्यानंतर दर रविवारी तेच. बाबा तर वर्तमानपत्र संडासात नेऊन वाचायचे, कारण बाहेर वाचायला बसले की तू विचारायचीस, आज काही काम नाही वाटतं. एका मोठ्या माणसाला घरात पेपर वाचायची चोरी, आणि मला ते तेव्हा विचित्रसुद्धा वाटलं नाही.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा माझ्याबरोबरच्या मुलींना त्यांच्या आयांनी कानातलं केलं, कुणाला घड्याळ. तू मला व्हर्नियर दिलास, जाडी मोजायचा, खऱ्या पोलादाचा, मखमलीच्या डबीत. चांगला आहे तो. अजून एक रेघ चुकत नाही त्याची. पण सतरा वर्षांच्या पोरीला हे द्यायचं? कॉलेजात नाटक होतं, वादविवाद होता, पोरी कब्बन पार्कात भटकायच्या. मला प्रत्येक वेळी आधी तुझा अंगठा आठवायचा. मी अभ्यास केला, नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, आणि माझ्याबद्दल सगळीकडे एकच बोललं जायचं की बाई कामाला वाघ आहे. ते तुझं कौतुक होतं, माझं नव्हे.

मग तू निवृत्त झालीस. मला तेव्हाची तू आठवतेस आणि दुष्टपणाने सांगते, मला थोडं बरं वाटलं होतं. आठवड्याचे सातही दिवस रविवार झाले आणि तुला एकही पेलवेना. घासलेले डबे परत घासायचीस. माझ्या घरी आलीस की माझ्या कामवालीच्या मागे मागे फिरून तिची बोटं बघायचीस. ती बिचारी मला विचारायची, अम्माला काय हवंय. दुपारी खुर्चीत बसायचीस, हात मांडीवर उताणे ठेवून, जसं काही कुणी तपासायला येणार आहे. मी टीव्ही लावून द्यायचे, तू बंद करायचीस. मी म्हटलं, काहीतरी शीक, भरतकाम कर, देवळात जा. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मीच काहीतरी घाण बोलले. मला तेव्हा तुझी दया यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, भोग आता.

आणि मी? मी मागे एकदा जयनगरला वाद्यांच्या दुकानात गेले होते. आता आपला पैसा, आपला वेळ, कोण अडवतंय, असं सगळे सांगतातच. दुकानदाराने कौतुकाने एक वीणा पुढे ठेवली. मी एक तार दाबली. वाजली की नाही कोण जाणे, मी बोट उलटं करून बघत होते खूण पडली का. दुकानदार म्हणाला, मेडम, लागलं का? मी त्याला काहीतरी सांगून बाहेर पडले आणि चौथ्या ब्लॉकच्या बाजारातून कोथिंबीर घेऊन घरी आले. तू मेलेली होतीस तेव्हा, तरी.

आता त्या ऑफिसातलं सांगते. व्हाइटफील्डच्या माझ्या ऑफिसात एक नवा डायरेक्टर आला आहे, माझ्यापेक्षा बराच लहान. लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो, टेबलाखाली बूट ठेवलेले असतात. माणूस वाईट नाही, हसून बोलतो, चहा स्वतः आणतो. पण त्याने सोमवारी सकाळी एक प्रकार सुरू केला आहे. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि शनिवार-रविवार काय केलं ते सांगायचं. तुला हसू येतंय का? मला पहिल्या सोमवारी तिथे उभं राहून तुझं टेबल दिसलं. फक्त त्याचं तुझ्या उलट आहे. त्याचं म्हणणं, ज्याला ऑफिसबाहेर कशाची ओढ नाही त्याला कामाचीही नसते. डोंगर चढणारा माणूस अडचणीला घाबरत नाही, गिटार शिकणारा चिकाटीचा असतो, मडकी करणारीला नवं सुचतं. हे तो इंग्रजीत बोलतो, मी तुला आपल्या भाषेत सांगते आहे. पोरं एकेक सांगतात, फोनवर फोटो दाखवतात, टाळ्या पडतात. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, धुणं धुतलं, झोपले. तुझ्याकडे मला खिडकीपाशी जागा मिळाली असती. इथे सगळ्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं.

माझ्या शेजारी बसतो तो मुलगा एका सोमवारी सांगत होता, सायकलने नंदी हिल्सला गेलो, सूर्योदय काय होता म्हणून सांगू. फोटोही दाखवला. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, एवढी दमछाक करून आज जांभया कशा नाहीत. तो हसला. म्हणाला, मॅम, दिवसभर लोळत होतो, बिर्याणी मागवली. फोटो जुना आहे. सांगावं लागतं हो काहीतरी. तुझ्याकडे बायका काहीतरी करून काही नाही म्हणायच्या आणि इथे पोरं काही न करता काहीतरी केलं म्हणतात. माझा नवरा रविवारभर सोफ्यावर आडवा होऊन क्रिकेट बघतो आणि सोमवारी बँकेत जाऊन निमूट चांगलं काम करतो. त्याला तू कुठल्या मशिनवर बसवलं असतंस आणि माझा डायरेक्टर काय म्हणाला असता, याचा विचार करून मला कधीकधी एकटीलाच हसू येतं.

आमच्या सबंध विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. ती माझीच होती, असं मी नाही, सगळे म्हणत होते. मी तिथे केस पांढरे केलेत. मला ती हवी होती, आई, जीव तोडून हवी होती. दुसरं मला येतं काय? तू मला एकच गोष्ट येऊ दिलीस, आणि त्या एका गोष्टीत सगळ्यात वरची जागा तरी मिळावी, एवढंच माझं मागणं होतं. मुलाखत घेणारे दोघं, डायरेक्टर आणि एचआरची एक बाई. कामाचं सगळं नीट झालं. माझ्या टीममधून माल परत येत नाही, माणसं सोडून जात नाहीत, हे त्यानेच वाचून दाखवलं. मग त्याने लॅपटॉप मिटला, मागे रेलून बसला आणि म्हणाला, "आता तुमच्याबद्दल सांगा. रविवारी काय करता?"

एचआरची बाई भली होती, तिने मदत करायला म्हटलं, गाणं, बागकाम, योगा, काहीही. मला वीणा म्हणता आलं असतं. कोण बघायला येणार होतं? सांगावं लागतं काहीतरी, त्या पोराने शिकवलंच होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझे हात टेबलावर नाहीत. दोन्ही हात टेबलाखाली गेलेले, मुठी वळलेल्या, अंगठे आत. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि मी बोटं लपवून बसले होते.

असा संताप आला. त्याचा, तुझा, दोघांचा, कुणाचा कितवा हिस्सा ते मला सांगता येणार नाही. मी हात वर काढून टेबलावर ठेवले, पालथे. आणि म्हटलं, "सोमवार ते शुक्रवारचं काय हवं ते विचारा. रविवारचं मी सांगणार नाही."

तो हसला, त्याला वाटलं गंमत आहे. मी हसले नाही. मग त्याचंही हसू गेलं. म्हणाला, हे काही तपासणं नाही हो, तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी म्हटलं, जाणून घ्यायला माझं काम आहे, ते तुमच्यासमोर आहे. एचआरच्या बाईने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी प्यायले, आभार मानले आणि बाहेर आले. छाती अशी हलकी झाली होती की काय सांगू. अक्काने तुझ्या टेबलापाशी उभं राहून जे केलं ते करायला मला इतकी वर्षं लागली, आणि तेही तुझ्यासमोर नाही, दुसऱ्याच कुणासमोर.

जागा मिळाली नाही. ती पलीकडच्या टीमच्या एकाला दिली, तो डोंगर चढतो. चांगला मुलगा आहे, कामातही वाईट नाही, खरंच चढतो की फोटो जुने आहेत ते मला माहीत नाही. सोमवारी गोल उभं राहून आम्ही त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. डायरेक्टर नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला की तुमच्या खाजगीपणाचा आम्ही आदर करतो. मी म्हटलं, बरं.

त्या संध्याकाळी मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि मग मला रडू यायला लागलं, ते मी खिडकीकडे तोंड करून आटोपलं. रागाची मजा ओसरली होती. मला तेव्हा एकच प्रश्न पडला की समजा, सांगायचं ठरवलं असतं तर मी काय सांगितलं असतं? खरं उत्तर काय आहे? धुणं मशिनमध्ये पडतं. झोप मला दिवसा येत नाही. मग करते काय मी रविवारी?

भांडते. तुझ्याशी. जेवणं झाली, नवरा सोफ्यावर कलंडला की मी स्वयंपाकघरात भाजी निवडायला घेते आणि सुरू करते. इतकी वर्षं झाली, एक रविवार चुकलेला नाही. मी तुला अक्काबद्दल विचारते, खिडकीबद्दल विचारते, बाबांच्या पेपराबद्दल विचारते. तुझी उत्तरंही मीच देते, तुझ्याच आवाजात, ठसक्यात, निपाणीच्या हेलासकट. माझे मुद्दे मी घासूनपुसून चांगले केलेत, पण तुझेही करावे लागतात, नाहीतर भांडण रंगत नाही. कधीकधी तूच जिंकतेस. तू म्हणतेस, मी तुला पोटापुरतं शिकवलं, वीणेने कुणाचं पोट भरलं ते दाखव, आणि मला पटकन काही सुचत नाही, मग संध्याकाळभर मी चिडलेली असते आणि नवऱ्याला वाटतं भारत हरला म्हणून. हे सगळं आठवून मी त्या मेट्रोत, डोळे ओले असताना, हसले. शेजारची बाई जरा लांब सरकून बसली.

तर हे आहे, आई. मला एक विरंगुळा आहे. मन लावून करते, वेळ कसा जातो कळत नाही, आणि सोमवारी उठून कामाला जाताना मला बरं वाटतं. हे पत्र मी तुझ्या फोटोपुढे ठेवणार नाही, वाचणार नाही, जाळणारही नाही. फाडून कोथिंबिरीच्या काड्यांबरोबर टाकून देणार आहे. कारण तुझा राग राग करण्यात मला एवढं सुख मिळतं, हे तुला कळलं तर तू तेही बंद करशील.